मूळग्रहावर राहतं कोण?

हुडको, भिलाई
११ जून २०२३

चि. ईशान यास विष्णुमामाचे अनेक आशीर्वाद.

खरं तर हा मायना उलटा हवा. आपण ज्या मुलखात राहतो तिथं मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्या इथली लेक, म्हणून राम साऱ्या छत्तीसगडचा भाचा, आणि म्हणून घरोघरचा भाचा थोडाफार रामच. आमच्या रेल मिलमधले साहू पन्नाशीचे झाले तरी मिसरूड न फुटलेल्या भाच्यापुढं वाकतात. तेव्हा पुढं जे लिहिलं आहे ते मी तुझ्या पाया पडूनच लिहिलं आहे असं समज.

आपल्या विदर्भ स्नेही मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी तू पाठवलेली 'आद्य बंद करा' ही गोष्ट मिळाली. यंदा स्मरणिकेचा संपादक मी आहे, कारण सभेला मी उशिरा पोचलो. पोचेपर्यंत माझी एकमताने निवड झाली होती.

गोष्ट मला समजली ती अशी. आरोही नावाचे लोक आहेत. ते यानं घेऊन तीनशे सूर्यांवर पसरले आहेत. जिथून निघाले तो त्यांचा मूळग्रह आद्य. नवी वसाहत उभी करताना पायात आद्यची चिमूटभर माती घालायची अशी त्यांची जुनी रीत. आता त्यांच्या महासभेला वाटतं की आद्य दूर पडतो, तिथं यान उतरवायचं, धक्क्यावर दिवा जळता ठेवायचा, ही सगळी कटकट. माती तर कारखान्यातही तयार होते. म्हणून आद्य नकाशातून काढून टाकायचा ठराव येतो आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. समाप्त.

भाषा चांगली आहे. हिंदी शाळेत शिकलेल्या पोराची म्हणून तर फारच. सभाही खरी उतरली आहे, निर्णय आधी आणि चर्चा नंतर. पण बाबा, तीनशे सूर्यांचा उजेड ज्यांच्या पदरात आहे त्यांना गावचा एक दिवा जड व्हावा? आणि पंधरा पानांत कोणी एकदाही जेवलं नाही, कोणी कोणाला हाक मारली नाही, कोणी कोणावर रुसलं नाही. इतके सुखी लोक ठराव कशाला करतील?

शेवट बदलून पाठव. कागदावरच पाठव. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस. कागदाला मीटिंग नसते.

तुझी आई बरी आहे. वैशाली नगरच्या घरी मी दर शनिवारी मारुतीला जाऊन आल्यावर डोकावतो. ती तुझ्याबद्दल काहीच विचारत नाही. इतकं मोठ्यानं विचारत नाही की बाहेर रस्त्यावर ऐकू जावं. काय झालं आहे?

तुझा,
विष्णुमामा


बेंगळुरू
२० जून २०२३

आदरणीय विष्णुमामा,

साष्टांग नमस्कार. म्हणजे पाया पडण्याचं प्रकरण बरोबरीत सुटलं.

आरोही लोक जेवत नाहीत हे बरोबर आहे. आमच्या ऑफिसातही कोणी जेवत नाही, सगळे स्क्रीनकडे बघत काहीतरी चघळतात. मी जे पाहतो तेच लिहिलं. आणि ठरावाचं म्हणाल तर माझं मत ठरावाच्या बाजूनं आहे. जिथून निघालो ती जागा आठवणीत ठेवावी, तिच्यापायी थांबून राहू नये. आजोबा थांबले असते तर तुम्ही आज रूळ न करता धान रोवत असता.

आता आईचं. तुम्हाला माहीत आहेच, १० डिसेंबरला नागपूरला माझं आणि संघमित्राचं लग्न आहे. मे महिन्यात आईनं फोनवर विचारलं, "चुलीची माती कोन आननार?" मी म्हटलं, आई, लग्न हॉलमध्ये आहे, स्वयंपाक केटररचा, तोही गॅसवर. ती म्हणाली, "तरी चूल मांडाच लागते." मी म्हटलं, बरं, माती मागवून घेतो. ऑनलाइन येते, पाच किलोची थैली, कीड काढलेली. त्यानंतर तिकडून आवाज आला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, तोही शेजारच्या दामिनीकाकूंकडून. बोडीटोल्याच्या मातामायची माती आली तर सिंधुताई लग्नाला येतील. नाही आली तर तुमचं तुम्ही करून घ्या.

संघमित्राच्या घरी असं काही नसतं. त्यांच्याकडे वंदना होते, दोघं एकमेकांना हार घालतात आणि सगळे जेवतात. तिला वाटतं मातीचं निमित्त आहे आणि खरी अडचण तीच आहे. मी तिला सांगतो तसं नाही. सांगताना माझा आवाज जरा जास्तच ठाम होतो हे तिच्या लक्षात येतं.

मामा, मूठभर धुळीसाठी आई मुलाच्या लग्नाला येणार नाही, आणि तुम्ही मला विचारता आरोही लोक रुसत का नाहीत.

तुमचा,
ईशान


हुडको, भिलाई
२ जुलै २०२३

चि. ईशान यास आशीर्वाद.

तुझी ऑनलाइन मातीची कल्पना मी मिलमध्ये सांगितली. सगळ्यांना आवडली. एकानं विचारलं, पसंत नाही पडली तर परत घेतात का?

तू धूळ म्हणतोस म्हणून दोन शब्द लिहितो. तुझे आजोबा रामाजी बोडीटोल्याहून भिलाईला आले तेव्हा इथं धड भिंती नव्हत्या, नुसती लाल माती उडत होती. आमगाव स्टेशनापासून आत चार कोस, कडुनिंबाखाली मातामाय बसलेली. शेंदूर लावलेले पाच दगड, खाली मातीचा ओटा. आमच्या घराण्यात लग्नाची चूल त्या ओट्यालगतच्या मातीची. तुझ्या आईच्या लग्नात आबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनीच, आणली. माझ्या लग्नात मी स्वतः जेवणाच्या डब्यात घेऊन आलो. गाडीत एका माणसानं विचारलं, काय भाजी आहे, तर मी डबा छातीशी धरला. घर बांधायला काढलं तेव्हा पायातही तीच. आपण इथं कंपनीच्या जमिनीवर, कंपनीच्या पाण्यावर वाढलो. आपलं असं तेवढंच होतं.

तुझे आरोही हुशार असतील, पण त्यांना हे कळलेलं नाही. तीनशे ठिकाणी घर करणाऱ्याला एक ठिकाण असं लागतं जिथं तो पाहुणा नसतो. नाहीतर तो कायमचा वेटिंग रूममध्ये बसलेला माणूस.

मुलीचं म्हणशील तर तुझी आई माझ्याशी त्या विषयावर बोललेली नाही. ती तांदूळ निवडत असते आणि एकेक खडा असा फेकते की मी विषय बदलतो. पण तिनं अट घातली आहे. नकार दिलेला नाही. आपल्या बायकांना नकार द्यायचा असला की त्या अटीवर वेळ घालवत नाहीत.

तेव्हा तू तुझ्या ग्रहांचा कारभार पाहा. माती मी आणतो. पुढच्या सुट्टीला दुर्गहून सकाळची मेमू गाडी धरतो, संध्याकाळी परत. एवढ्याशा कामासाठी आईमुलांचं बोलणं बंद पडावं हे मला पटत नाही.

शेवट बदलला का?

तुझा,
विष्णुमामा


बेंगळुरू
१६ जुलै २०२३

आदरणीय मामा,

नमस्कार, आणि आधीच आभार. माती आली की आईला सांगा, ईशाननं पाठवली. नको, खोटं होईल. सांगा, ईशाननं आणायला लावली.

वेटिंग रूमचं वाक्य चांगलं आहे, ते मी चोरणार. पण एक विचारू? तुम्ही जिथं पाहुणे नाही त्या बोडीटोल्याला शेवटचे कधी गेलात? मला आठवतं त्याप्रमाणे तुमच्या रेणूताईच्या लग्नाआधी, माती आणायला. त्याच्या आधी? घराच्या पायाच्या वेळी, माती आणायला. आणि परतीच्या मेमूचं वेळापत्रक तुम्हाला पाठ आहे. पाहुणासुद्धा चहाला थांबतो.

गोष्टीचा शेवट बदलायला बसलो होतो. तर संघमित्रानं पहिला खर्डा वाचायला घेतला. वाचून तिनं एकच विचारलं.

"आद्यवर राहतं कोण?"

मी म्हटलं, आहेत काही म्हातारे. सातव्या पानावर एका ओळीत आलेत.

"आणि माती न्यायला यानं येतात तेव्हा त्यांना काय मिळतं?"

मी म्हटलं, मान मिळतो. मूळग्रहावर राहण्याचा.

ती बराच वेळ हसली. मी तिला समजावलं की गोष्ट विनोदी नाही. ती म्हणाली, हो, तेच.

आता मला शेवट सुचत नाही. याचा दोष तिला द्यायचा की तुम्हाला, हे ठरवून कळवतो.

तुमचा,
ईशान


हुडको, भिलाई
८ ऑगस्ट २०२३

चि. ईशान यास आशीर्वाद.

बोडीटोल्याला जाऊन आलो. पाऊस होता. माती आणता आली नाही.

तुझ्या आईला अजून काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, म्हणजे दामिनीबाईंकडून निरोप पाठवू नकोस.

स्मरणिकेला वेळ आहे. गोष्टीची घाई नाही.

विष्णुमामा


बेंगळुरू
१५ ऑगस्ट २०२३

आदरणीय मामा,

पावसाळ्यात माती मिळत नाही, हा शोध तुम्ही शेतकऱ्यांना कळवला पाहिजे. बिचारे नेमकी त्याच दिवसांत पेरतात.

दोन-दोन पानं लिहिणारा माणूस पाच ओळींत आटोपतो, मायन्यात पाया पडत नाही, टोमणा मारत नाही, मला उपदेश करत नाही. मामा, मी लहान नाही. आईनं तुम्हाला आणू नको म्हणून सांगितलं आहे. किंवा तिनं सांगितलं नाही आणि तुम्ही तिच्या मनातलं ओळखलं. अट पुरी झाली असती तर तिला यावं लागलं असतं, म्हणून ती पुरी होऊ द्यायची नाही. छान आहे. महासभा भिलाईतही भरते आणि ठराव तिथंही आधीच झालेला असतो.

संघमित्रा नको असेल तर तसं लिहा. 'संघमित्रा नको' हे दोन शब्द आहेत, पोस्टाच्या तिकिटात बसतात. पावसावर कशाला घालता?

लग्न १० तारखेला होईलच. आईची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवीन. रिकामी दिसली की लोकांना सांगीन, पाऊस होता.

ईशान


हुडको, भिलाई
२७ ऑगस्ट २०२३

चि. ईशान यास विष्णुमामाचे आशीर्वाद, आणि या वेळी खरोखरच पाया पडणे.

पाऊस होता हे खोटं नव्हतं. पण अर्धं होतं. बाकीचं अर्धं आधी तुझ्या आईला सांगावं आणि मग तुला, असं ठरवून मी गप्प बसलो. तू त्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावलास तो वाचून वाटलं, खरोखर गोष्टी लिहीत जा, तुला रचता येतं.

आता ऐक. आमगावला उतरलो, ऑटो केला, दहाच्या सुमारास पोचलो. ठकूबाई ओटा झाडत होती. नात्यानं ती माझी चुलती, तुझी आजी. ऐंशीच्या पुढं गेली आहे. तिचं घर मातामायला लागून, म्हणून तिथला केरवारा तीच करते. मला पाहून म्हणाली, "आला का भिलाईवाला? थैली आनली असंल."

मी म्हटलं, "कायची थैली, काकी?"

"माती न्याची. तुमी बिगर मातीचे येता का कधी?"

मी हसलो. मग ओट्याकडे पाहिलं आणि हसू तसंच तोंडावर राहिलं.

ओट्याच्या पूर्वेकडे, जिथून आपण सगळे शुभ म्हणून मूठ भरतो, तिथं खड्डा आहे. गुडघाभर. पावसाचं पाणी साचलेलं, त्यात बेडूक. कडुनिंबाच्या मुळ्या उघड्या पडल्या आहेत. ओट्याची ती बाजू खचली आहे आणि मातामाय कलली आहे, कोणी मागून हाक मारल्यावर बाई वळून पाहते तशी.

मला वाटलं ट्रॅक्टरवाल्यांनी मुरूम नेला. म्हटलं, "काकी, हे कोनं केलं?"

"कोनं म्हंजे? तुमीनंच. भिलाईवाल्यानं, नागपूरवाल्यानं, रायपूरवाल्यानं. लगन निंगालं का मूठ. घर बांधलं का टोपलं. तो पटलाचा नातू, त्यानं दुकान उघडलं त अर्धं पोतं नेलं, मोटारीत घालून. म्हने देवीचा आशीर्वाद हाय. म्या म्हटलं ने बाबा, आशीर्वाद हाय त ने."

पाटलाच्या दुसऱ्या नातवानं कॅनडाला जाताना काचेच्या बरणीत नेली, असं नंतर कळलं. त्याच्या दिवाणखान्यात ती ठेवली आहे आणि तिच्यावर दिवा सोडला आहे. गावात देवीपुढचा दिवा ठकूबाई लावते, तेल असलं तर.

मी म्हटलं, पण काकी, ही तर रीत आहे. आमचे वडील न्यायचे.

तेव्हा तिनं झाडू खाली ठेवला. "रीत अर्धी हाय तुमच्यापाशी. पयले बाया येत. सासरी गेलेली पोरगी माती न्याले आली का तिच्या गावची मूठभर पदराले बांधून आने. पयले आपली टाके, मंग इथली घे. मातामाय म्हने, पाहू देनं कुठी राह्यते माही लेक. मंग भिलाई झाली. बायायले लेकरं-बाळं, मानसायले सुट्टी, म्हून मानसं याले लागले. मानसायनं घ्याचं तेवढं ध्यानात ठेवलं."

मी वाकून मूठ भरली होती. ती मी तिथंच उघडली आणि चारच्या मेमूनं परत आलो. हो, चारच्याच. तू लिहिलंस ते बरोबर आहे. चहा तिनं विचारला होता.

गाडीत सगळा वेळ संघमित्राचा प्रश्न आठवत होता. जी मुलगी आपल्या घरात अजून आलीही नाही, तिनं पंधरा पानं वाचून जे विचारलं ते मी पन्नास वर्षं संध्याकाळी दिवा लावूनही विचारलं नव्हतं. माझी भक्ती अशी की देवी पडायला आली तरी मी प्रसादाला हात पुढं केलेलाच. आम्ही दल्लीराजहराचे लोखंडाचे डोंगर खणून रूळ केले, तेव्हा निदान त्याला खाण म्हणत होतो.

काल हे सगळं तुझ्या आईला सांगितलं. ती तांदूळच निवडत होती. "किती खोल?" म्हणाली. मी हात करून दाखवला. तिनं सूप बाजूला ठेवलं, अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू आता घरी जाय, विष्णू." मी आलो.

ती काय ठरवेल हे मला माहीत नाही. अट तिनं घातली होती ती आता तिलाच पाळता येणार नाही, आणि अट मोडून येणं तिला जमेल का, सांगता येत नाही. मला तेवढीच धास्ती आहे. मुलगी नको असं मात्र ती माझ्याजवळ कधी बोललेली नाही. हे मी देवासमोर लिहितो.

विष्णुमामा


बेंगळुरू
९ सप्टेंबर २०२३

आदरणीय मामा,

माझ्या मागच्या पत्राची माफी मागतो. तुमच्या पायांवर आता माझी उधारी झाली.

तुमचं पत्र मी संघमित्राला वाचून दाखवलं. "अर्धी रीत"पाशी तिनं मला थांबवलं, उठून बाल्कनीत गेली आणि कढीपत्त्याची कुंडी आत घेऊन आली. म्हणाली, यातली मूठभर नेऊ. आम्ही कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली. मामा, त्यात माती नाही. नारळाचा भुसा आहे, पाकिटावर तसं छापलेलं असतं. चौदाव्या मजल्यावर दोन वर्षं राहतो आणि घरात चिमूटभर माती नाही. मी आरोही लोकांची गोष्ट कल्पनेनं लिहिली असं समजत होतो.

मग खाली सोसायटीच्या बागेत गेलो. तिथं पाटी आहे की फुलं, पानं, माती नेऊ नये. संघमित्रा चमच्यानं उकरत होती आणि मी पाटीसमोर उभा राहून पाटी झाकत होतो. वॉचमननं विचारलंच. ती म्हणाली, "गाँव ले जाना है." तो म्हणाला, "मैडम, लोग गाँव से लाते हैं. आप ले जा रही हैं?" मग त्यानंच खुरपं आणून दिलं.

डबा भरून तयार आहे. दिवाळीनंतर बोडीटोल्याला मंडईची जत्रा भरते ना, तेव्हा घेऊन येतो. आईनं बोलावलं तर तिच्याबरोबर, नाही बोलावलं तर एकटा. हे तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी फोन केला तर ती उचलते, "हं" म्हणते आणि ठेवते.

नवा शेवट सोबत जोडतो. ठराव मंजूर होणार तेवढ्यात सभेचा कारकून विचारतो, आद्यवर राहतं कोण, कागदावर नाव लिहायचं आहे. कोणालाच माहीत नसतं. म्हणून पहिल्यांदाच एक यान काही न्यायला नाही तर नुसतं पाहायला तिथं उतरतं. धक्का खचून एका खड्ड्याच्या काठावर कललेला असतो. एक म्हातारी विचारते, थैली आणली असेल. कप्तान खड्ड्याच्या काठावर बसतो, बूट काढतो आणि झटकतो.

पुढं मला लिहिता आलं नाही. चालेल का?

तुमचा,
ईशान


वैशाली नगर, भिलाई
२ ऑक्टोबर २०२३

चि. ईशानले आईचा आशीर्वाद.

विष्णूनं तुहं पत्र वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचलं, दामिनीनं भिंतीपल्याडून आयकलं, म्हून आता मले उत्तर द्याच लागते.

मले वाटलं तू मातीले हसून राहिला. मंग वाटलं तू मले हसून राहिला. म्हून म्या अट घातली. अट घातली का लेकरू एकडाव तरी येते समजावाले, असं वाटलं. तू नाई आला. तुही थैली याले निंगाली.

आता माहं आयक. लग्नाची चूल माह्या अंगनातल्या मातीची होईल. तुळशीपाशी खनून ठेवली, वाळून राहिली. तीस वर्षं ह्या घरात राह्यली, त इथली माती कावून नाई चालनार? मातामायची आनू नको. मातामायसाठी घेऊन ये.

मंडईले येजो. तिलेही आनजो. तिले सांगजो जुनी साडी नेसाले, तिथं चिखल हाय.

नारळाच्या भुशावर कढीपत्ता जगते का? मले खोटं वाटते.

आई


हुडको, भिलाई
२२ नोव्हेंबर २०२३

चि. ईशान यास विष्णुमामाचे आशीर्वाद.

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात हे दामिनीबाईंकडून कळलं. आता फोन थेट तुझ्या आईकडे येतो, त्यामुळे त्या बाईंना कामच उरलं नाही. जरा नाराज आहेत.

स्मरणिकेत तुझी गोष्ट छापली, ती सिमेंटच्या जाहिरातीच्या समोर आली. तिघांनी मला अडवून विचारलं, बूट झटकल्यावर पुढं काय झालं. मी म्हटलं, लेखकाला माहीत नाही. एक तक्रार मात्र मला संपादक म्हणून नोंदवायची आहे. देवाच्या दारी बूट काढायचे हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या लोकांना त्यासाठी तीनशे सूर्य फिरावे लागले.

पत्र लिहायचं कारण दुसरं आहे. मंडईच्या दिवशी दुपारी तू गावातल्या पोरांबरोबर दंडारीचा नाच पाहायला गेलास. आपला डबा ओतून झाला, आता आपलं काम संपलं, अशा ऐटीत गेलास. ओट्यापाशी ठकूबाई, तुझी आई, संघमित्रा आणि मी एवढेच उरलो. त्यानंतर जे झालं ते या दोघी तुला कधी सांगणार नाहीत.

संघमित्रानं पिशवीतून आणखी एक पुडकं काढलं. तुझ्या आईनं विचारलं, "ही कुठली?"

"नागपूरची, आमच्या अंगणातली. बाबांनी बांधून दिली. म्हणाले, मुलगी राहते तिथली माती पाहिजे ना, मग ती अजून तर इथलीच आहे." मग तुझ्या आईला विचारलं, "चालेल ना?"

तुझी आई पुडक्याची गाठ पाहत होती. ठकूबाई माझ्याकडे पाहायला लागली, मी कडुनिंबाकडे. मला वाटलं, सहा महिने जे कोणी बोललं नाही ते आता इथं, देवीसमोर बोललं जाणार.

संघमित्रानं हात जोडले नव्हते. मी पाहिलं, आईनंही पाहिलं. ती चिखलात गुडघ्यावर बसली, पुडकं सोडलं आणि उघड्या मुळ्यांभोवती माती दाबायला लागली, कुंडीत रोप लावताना दाबतात तशी. वरवर टाकून मोकळी नाही झाली. बोटांनी आत सारत होती. मग दुसरी मूठ, मग तिसरी. ठकूबाई म्हणाली, "आता कशी मानूस आल्यावानी वाटते." हे तिनं माझ्याकडे पाहून म्हटलं.

मग तुझी आई पदर खोचून तिच्या शेजारी बसली. आपल्या अंगणातली लाल माती तिनं पातेल्यात आणली होती. ते पातेलं तिनं संघमित्रापुढं सरकवलं. तिचं मनगट धरलं, हात उलटा-सुलटा करून पाहिला, बांगडीवाला पाहतो तसा.

"मूठ मोठी हाय तुही," म्हणाली.

संघमित्रा म्हणाली, "हो, आईही तेच म्हणते."

"बरं झालं," तुझी आई म्हणाली. "खड्डा मोठा हाय. भर."

तेवढ्यात तू दंडार पाहून आलास आणि म्हणालास, चला, चारची मेमू निघेल. आणि तुझ्या आईनं तुला जे उत्तर दिलं ते तू ऐकलंच आहेस. मेमू गेली. चहा ठकूबाईनं फार गोड केला होता.

तुझा,
विष्णुमामा